बर्फ, अंतर आणि ताळेबंद : फिनलंडच्या खालच्या श्रेणीतील फुटबॉलचा हंगाम

सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या फिनलंडमध्ये प्रेक्षकांची गर्दी खेचणारा खेळ आइस हॉकी असला, तरी प्रत्यक्ष मैदानात उतरून खेळणाऱ्या नोंदणीकृत खेळाडूंची संख्या पाहिली तर फुटबॉल हा तेथील सर्वांत मोठ्या खेळांपैकी एक ठरतो. या खेळाडूंपैकी बहुसंख्य देशाच्या सर्वोच्च स्पर्धेत कधीही खेळत नाहीत आणि खेळण्याचे वेतनही त्यांना मिळत नाही, किंबहुना अनेकांना क्लबचे वार्षिक शुल्क स्वतःच्या खिशातून भरावे लागते. युरोपातील बलाढ्य क्लबांच्या बातम्यांवर वाढलेल्या वाचकाला अशा फुटबॉलचे महत्त्व चटकन उमगत नाही, कारण तेथे ना मोठे खेळाडू असतात, ना दूरचित्रवाणीचा पैसा. तरीही एखाद्या देशात खेळ कशाच्या बळावर टिकतो, हे समजून घ्यायचे असेल तर शिखरापेक्षा पायाकडे पाहणे अधिक उपयोगाचे असते. फिनलंडच्या खालच्या श्रेणीतील हंगाम बारकाईने पाहिला, तर गुणतक्त्यातील स्थान केवळ गोलांवर ठरत नसून हवामान, अंतर आणि क्लबचा ताळेबंद या तीन गोष्टींचाही त्यात तितकाच वाटा असतो, असे दिसून येते.

फिनलंडची फुटबॉल संघटना, म्हणजे सुओमेन पाल्लोलिइत्तो, १९०७ मध्ये, देश रशियन साम्राज्याचा भाग असतानाच स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ती ‘फिफा’ या जागतिक संघटनेची सदस्य झाली. राष्ट्रीय विजेतेपद १९०८ पासून बाद पद्धतीने ठरत असे, म्हणजे हरलेला संघ तेथेच स्पर्धेबाहेर जाई. १९३० पासून प्रत्येक संघाने प्रत्येकाशी खेळण्याची साखळी पद्धत आली. आजची सर्वोच्च श्रेणी ‘व्हेइकाउसलीगा’ १९९० मध्ये सुरू झाली. तिचे नाव ‘व्हेइकाउस’ या सरकारी मालकीच्या सट्टा व लॉटरी कंपनीवरून पडले असून तिच्यात बारा संघ खेळतात. तिच्याखालील श्रेणींची २०२४ मध्ये पुनर्रचना झाली आणि दुसऱ्या पातळीवर ‘युक्कोसलीगा’ ही दहा संघांची नवी श्रेणी आली. त्यामुळे आधी दुसऱ्या पातळीवर असलेली ‘युक्कोनेन’ तिसऱ्या आणि प्रादेशिक गटांत विभागलेली ‘काक्कोनेन’ चौथ्या पातळीवर सरकली, आणि एकही सामना न हरता अनेक क्लब एक पायरी खाली गेले. त्याखाली कोल्मोनेन, नेलोनेन, व्हितोनेन, कुतोनेन अशा श्रेणी असून त्यांतील स्पर्धा पाल्लोलिइत्तोच्या प्रादेशिक शाखा चालवतात.

या सर्व श्रेणी बढती आणि पदावनती या नियमाने एकमेकींशी जोडलेल्या आहेत. हंगामाच्या शेवटी वरच्या क्रमांकाचे संघ वरच्या श्रेणीत जातात आणि तळाचे संघ खाली येतात, तर काही जागांसाठी दोन श्रेणींतील संघांमध्ये निर्णायक सामने खेळवले जातात. २०२४ च्या अखेरीस कोत्का या बंदराच्या शहरातील केटीपी आणि स्वीडिश भाषकांची मोठी वस्ती असलेल्या याकोबस्टाडचा यारो हे क्लब युक्कोसलीगातून वर गेले, आणि लाहती व एकेनेस येथील क्लब खाली आले. तत्त्वतः सर्वांत तळाच्या श्रेणीतील क्लबही वर्षामागून वर्ष जिंकत व्हेइकाउसलीगापर्यंत पोहोचू शकतो. वर्षभरातील दुसरी संधी म्हणजे १९५५ पासून चालत आलेली ‘सुओमेन कप’ ही बाद स्पर्धा. तिच्या आरंभीच्या फेऱ्यांत गावपातळीवरचे संघ उतरतात आणि नशिबाने साथ दिली तर एखाद्या छोट्या मैदानावर व्हेइकाउसलीगातील नामांकित क्लब पाहुणा म्हणून येतो.

हंगामाचा पहिला प्रतिस्पर्धी हवामान. युरोपातील बहुतेक मोठ्या देशांत फुटबॉल ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो, तर फिनलंडमध्ये तो साधारणतः एप्रिलमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपतो, कारण उरलेल्या महिन्यांत उघड्या मैदानावर बर्फ असते. या अडचणीचे स्वरूप दोन जुन्या सामन्यांवरून स्पष्ट होते. वाल्केआकोस्की येथील हाका हा क्लब १९८४ मध्ये युरोपातील चषकविजेत्यांच्या स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला आणि त्याची गाठ इटलीच्या युव्हेंतुसशी पडली, परंतु मार्चमध्ये मायदेशी सामना भरवणे शक्य नसल्याने हाकाला आपला ‘घरचा’ सामना फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे खेळावा लागला. चार वर्षांनी, १९८८ मध्ये, आर्क्टिक वृत्ताजवळच्या रोव्हानिएमी येथील आरओपीएस हा क्लब त्याच स्पर्धेच्या त्याच फेरीत फ्रान्सच्या मार्सेयशी भिडला, तेव्हा त्याचा घरचा सामना इटलीच्या दक्षिणेकडील लेच्चे या शहरात झाला. या पातळीच्या क्लबांनाही मार्चमध्ये घर सोडावे लागले, यावरून खालच्या श्रेणीतील क्लबांचा हिवाळा कसा जात असेल याची कल्पना येते.

या क्लबांचा हिवाळा छताखाली जातो. आतून हवा भरून फुगवलेले प्रचंड तंबू आणि पक्क्या बांधणीची बंदिस्त सभागृहे आता देशभर उभी राहिली असली, तरी त्यांतील वेळ तासांच्या हिशेबाने विकत घ्यावी लागते आणि सोयीच्या वेळेवर मुलांच्या संघांचाही हक्क असतो. त्यामुळे नोकरी सांभाळून खेळणाऱ्या प्रौढांच्या संघाला रात्री उशिराची, तीही अनेकदा अर्ध्याच मैदानाची वेळ वाट्याला येते. हंगामपूर्व सराव सामने जानेवारी ते मार्च या काळात याच छतांखाली होतात. एप्रिलमध्ये संघ बाहेर पडतो तेव्हा दक्षिणेत कृत्रिम हिरवळीवरचे बर्फ यंत्राने दूर केलेले असते, पण उत्तरेत मैदानाच्या कडेला उपसलेल्या बर्फाचे ढिगारे अजून उभे असतात आणि नैसर्गिक गवताचे मैदान तर मे महिना बराचसा उलटल्याशिवाय हाती येत नाही.

याउलट जूनमध्ये प्रकाश मुबलक असतो. हेलसिंकीत सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो आणि रोव्हानिएमीत तो काही आठवडे मावळतच नाही, त्यामुळे कामावरून परतून संध्याकाळी खेळवल्या जाणाऱ्या सामन्यांना दिव्यांची गरज पडत नाही. मात्र याच सुमारास हंगामाची लय मोडते. २० ते २६ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शनिवारी उन्हाळी संक्रांतीचा ‘युहान्नुस’ हा सण साजरा होतो आणि त्यानंतर जुलै हा देशाचा सुटीचा महिना असतो, ज्यात शहरातील कुटुंबे तळ्याकाठच्या घरांकडे निघून जातात. व्यावसायिक क्लब आपल्या खेळाडूच्या सुटीची तारीख ठरवू शकतो, परंतु हौशी क्लबच्या प्रशिक्षकाला कोण कोणत्या आठवड्यात गावात असेल याची यादी आधीच करून ठेवावी लागते.

त्यात लष्करी सेवेची भर पडते. फिनलंडमध्ये पुरुषांना सक्तीची सेवा असून तिचा कालावधी १६५, २५५ किंवा ३४७ दिवसांचा असतो आणि तरुणांच्या तुकड्या जानेवारी व जुलै अशा दोन वेळा दाखल होतात. गुणवान खेळाडूंना सराव चालू ठेवता यावा म्हणून लष्कराची स्वतंत्र क्रीडाशाळा आहे, पण चौथ्या-पाचव्या श्रेणीतल्या सामान्य खेळाडूला हा लाभ क्वचितच मिळतो. परिणामी वसंतात चांगला खेळणारा एकोणीस वर्षांचा बचावपटू जुलैमध्ये छावणीत जातो, त्याचा सहकारी शरदात विद्यापीठाच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जातो, आणि एप्रिलमध्ये अव्वल दिसणारा संघ सप्टेंबरपर्यंत निम्मा बदललेला असतो. छोट्या गावातील क्लबची शरदातील घसरण हा बऱ्याचदा केवळ खेळाचा भाग नसून लोकसंख्येच्या हालचालीचा परिणाम असतो.

दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे अंतर. हेलसिंकी ते रोव्हानिएमी हा रस्ता सुमारे ८०० किलोमीटरचा आहे, आणि देशाचा उत्तर भाग विरळ वस्तीचा असल्याने तेथील क्लबांना जवळचे प्रतिस्पर्धी मिळत नाहीत. राजधानीच्या परिसरातील संघाला गटातील काही सामन्यांसाठी लोकल रेल्वे पुरते, तर रोव्हानिएमीच्या संघाला पश्चिम किनाऱ्यावरील वासा येथे जाण्यासाठी एका बाजूने ५०० किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. बसचे भाडे, चालकाची सक्तीची विश्रांती, प्रसंगी मुक्कामाचा खर्च आणि खेळाडूंनी कामावरून घ्यायची रजा हे सारे हिशेबात धरले, तर खालच्या श्रेणी प्रादेशिक गटांत का विभागल्या आहेत हे ध्यानात येते. काक्कोनेनचे गट भूगोल पाहून पाडले जातात आणि त्याखालच्या श्रेणी त्याहून लहान प्रदेशांत आखल्या जातात. म्हणूनच प्रादेशिक गटातून राष्ट्रीय श्रेणीत बढती मिळाली की क्लबचा आनंद आणि प्रवासखर्च एकदमच वाढतात.

हा खर्च भागतो कसा, हे पाहण्यासाठी सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला नजर टाकावी लागते. चौथ्या श्रेणीच्या मैदानावर बहुधा एका बाजूला बाकांच्या चार-सहा रांगा असतात आणि दुसऱ्या बाजूला डांबरी वाट व बर्च झाडे. प्रवेशाशी टेबल मांडून तिकिटे देणारी व्यक्ती एखाद्या खेळाडूची आई असते, चेंडू परत आणून देणारी मुले क्लबच्या कनिष्ठ संघातली असतात, ध्वनिक्षेपकावर संघाची नावे वाचणारा निवृत्त खेळाडू असतो आणि टपरीवर भाजलेले सॉसेज, त्यावरची मोहरीची चटणी, कॉफी व वेलदोड्याचा गोड पाव विकणारे पालक पाळीपाळीने उभे राहतात. प्रेक्षकांची संख्या शे-दोनशेच्या घरात असली तरी मध्यंतरात या टपरीपुढे रांग लागते, आणि त्या रांगेतून येणारी रक्कम क्लबच्या उत्पन्नाची खरीखुरी बाब असते.

अशा बिनमोल सामूहिक कामाला फिनलंडमध्ये ‘ताल्कोत’ म्हणतात. सुगीच्या किंवा घरबांधणीच्या वेळी शेजाऱ्यांनी एकत्र येऊन काम उरकायचे आणि यजमानाने सर्वांना जेवू घालायचे, या शेतकरी समाजातील प्रथेतून ती कल्पना आली असून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील इर्जिकेशी तिचे जवळचे साम्य आहे. आजच्या क्लबांत तिचे रूप बदललेले आहे. मैदान झाडणे, स्पर्धा भरवणे यांबरोबरच पालक आणि मुले घाऊक भावात घेतलेले टॉयलेट पेपरचे मोठे गठ्ठे, मोजे किंवा बिस्किटांचे डबे ओळखीच्या लोकांना विकतात आणि नफा संघाच्या खात्यात जमा करतात. हे शक्य होते, कारण फिनलंडमधील बहुसंख्य क्लब कंपनी नसून नोंदणीकृत संस्था आहेत, ज्यांचे मालक नसतात तर सभासद असतात, आणि ज्यांचा वार्षिक हिशेब सभासदांच्या सभेपुढे मांडला जातो. वरच्या श्रेणीत गेल्यावर काही क्लब पहिला संघ चालवण्यासाठी वेगळी कंपनी काढतात. ती बुडाली तरी मुलांचे संघ चालवणारी मूळ संस्था बऱ्याच वेळा शाबूत राहते. खालच्या श्रेणीच्या टिकाऊपणाचे रहस्य या रचनेत आहे.

संस्थांचे हे जाळे इतके दाट होण्यामागे इतिहासही आहे. १९१८ च्या यादवी युद्धानंतर फिनिश समाज दुभंगला आणि १९१९ मध्ये कामगारांची स्वतंत्र क्रीडा संघटना, टीयूएल, स्थापन झाली, त्यामुळे काही दशके एकाच शहरात मध्यमवर्गीयांचे आणि कामगारांचे क्लब वेगवेगळ्या स्पर्धांत खेळत राहिले. त्यातच लोकसंख्येत सुमारे पाच टक्के असलेल्या स्वीडिश भाषकांचे स्वतःचे क्लब होते. वैर ओसरले, स्पर्धा एक झाल्या, पण क्लब राहिले. हेलसिंकीच्या स्वीडिश भाषकांचा एचआयएफके हा क्लब सात वेळा राष्ट्रीय विजेता ठरला, त्यांपैकी शेवटचे विजेतेपद १९६१ चे. त्यानंतर तो खाली घसरला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभापासून सर्वोच्च श्रेणीबाहेर राहून २०१५ मध्ये परतला. मधल्या चार दशकांत त्याला सांभाळले ते खालच्या श्रेणींनी.

औद्योगिक गावांची कथा याहून कठोर आहे. विसाव्या शतकात लाकूड आणि कागद हा फिनलंडच्या अर्थव्यवस्थेचा कणा होता, आणि जंगल व नदीकाठी वसलेल्या गिरणीच्या गावात घरे, शाळा, दवाखाना यांच्याप्रमाणे फुटबॉल क्लबलाही गिरणीचाच आश्रय असे. सुमारे वीस हजार वस्तीच्या वाल्केआकोस्कीतील हाकाने अशा आश्रयावर नऊ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि त्याच्या मैदानाचे नावच ‘कारखान्याचे मैदान’ असे आहे. आग्नेयेकडील म्युल्युकोस्की या गावात १९४७ मध्ये म्युपा हा क्लब स्थापन झाला. पुढे आयाक्सकडून युरोपचे विजेतेपद मिळवणारा यारी लितमानेन १९९२ मध्ये येथे खेळला, लिव्हरपूलचा भावी कर्णधार सामी ह्युपिया याच संघातून १९९५ मध्ये नेदरलँड्सला गेला, आणि २००५ मध्ये म्युपा देशाचा विजेता झाला. वृत्तपत्रे व मासिकांच्या कागदाची मागणी घटत गेली, तसे उद्योगाचे चित्र पालटले. यूपीएम या कंपनीने २०११ मध्ये म्युल्युकोस्कीची गिरणी विकत घेतली आणि त्याच वर्षी ती बंद केली. म्युपाने आणखी काही हंगाम तग धरला, परंतु २०१५ च्या हंगामापूर्वी पैशाअभावी त्याला व्हेइकाउसलीगातील जागा सोडावी लागली. गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. क्लबने मात्र खालच्या श्रेणीत नव्याने मांडणी केली आणि २०२० पर्यंत तो पुन्हा दुसऱ्या पातळीवर खेळताना दिसला.

येथे तिसरा प्रतिस्पर्धी, म्हणजे ताळेबंद, समोर येतो. राष्ट्रीय श्रेणींत खेळण्यासाठी क्लबला दरवर्षी परवाना मिळवावा लागतो, ज्यात आर्थिक स्थिती, थकबाकी, मैदानाची सोय आणि प्रशिक्षकांची पात्रता तपासली जाते. ही तपासणी हिवाळ्यात होत असल्याने मैदानावर मिळवलेले स्थान हंगाम सुरू होण्याआधीच कागदावर गमावले जाऊ शकते. एस्पो शहरातील होन्का हा क्लब २०१४ मध्ये सर्वोच्च श्रेणीत खेळला आणि आर्थिक कारणांमुळे २०१५ मध्ये थेट काक्कोनेनमध्ये गेला. तेथून चढत तो २०१८ मध्ये वर परतला, पण २०२३ च्या हंगामानंतर पैशाच्या अडचणीमुळे त्याची जागा पुन्हा गेली. अशी जागा रिकामी झाली की ती भरण्यासाठी खालच्या संघाला वर बोलावले जाते, आणि मग त्या संघाला अवघ्या काही आठवड्यांत वाढीव खर्चाची तजवीज करावी लागते.

पैशाची ही चणचण बाहेरच्या लोभालाही वाट देते. फिनिश हंगाम उन्हाळ्यात, म्हणजे युरोपातील मोठ्या लीग बंद असताना चालत असल्याने आशियातील सट्टाबाजारात त्याच्या सामन्यांना असाधारण महत्त्व येते, आणि खेळाडूचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने त्याला गाठणे सोपे जाते. २००५ मध्ये एका चिनी व्यावसायिकाने नुकत्याच ताब्यात घेतलेल्या वान्ताच्या आलियान्सी या क्लबने हाकाविरुद्धचा सामना ८-० असा गमावला आणि संशयाचे मोहोळ उठले. पुढच्याच वर्षी तो क्लब दिवाळखोरीत गेला. पैसे देऊन सामन्यांचे निकाल ठरवून घेणारा सिंगापूरचा विल्सन राज पेरुमल २०११ मध्ये फिनलंडमध्ये पकडला गेला आणि रोव्हानिएमीच्या न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच्याकडून पैसे घेतल्याबद्दल आरओपीएसचे काही खेळाडूही दोषी ठरले. २००१, २००६ आणि २००७ चा विजेता ताम्पेरे युनायटेड सिंगापूरच्या एका कंपनीकडून घेतलेल्या संशयास्पद रकमेमुळे २०११ मध्ये सर्वोच्च श्रेणीतून बाहेर काढला गेला. मालकी आणि प्रतिष्ठा गेल्यावर त्याच्या समर्थकांनी तो क्लब खालच्या श्रेणीत पुन्हा उभा केला.

सप्टेंबरनंतर हंगाम घाईला येतो. पावसाने मैदाने जड होतात, संध्याकाळ झपाट्याने आखडते आणि ऑक्टोबरअखेरीस घड्याळे मागे सरकली की हेलसिंकीतही साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे दिवे नसलेल्या मैदानांवरचे सामने शनिवार-रविवारच्या दुपारी कोंबावे लागतात. याच आठवड्यांत बढती-पदावनतीचा निकाल लागतो आणि त्यात आणखी एक गुंतागुंत असते. हेलसिंकीच्या एचजेकेचा ‘क्लुबी-०४’ यासारखे मोठ्या क्लबांचे दुय्यम संघही याच श्रेणींत खेळतात आणि तरुण खेळाडूंना अनुभव देतात, मात्र त्यांना व्हेइकाउसलीगात जाण्याची मुभा नसते. छोट्या गावातील स्वयंसेवकांच्या क्लबला त्यामुळे एखाद्या आठवड्यात अशा संघाशी सामना करावा लागतो, ज्यातील पोरसवदा खेळाडू पूर्णवेळ सराव करणारे असतात.

येत्या काही वर्षांतील मोठा प्रश्न पायाखालच्या जमिनीचा आहे. कृत्रिम हिरवळीमुळे फिनलंडमधील खेळाचे महिने वाढले; तिच्यातील धाग्यांमध्ये रबराचे बारीक दाणे भरलेले असतात आणि ते बर्फ उपसताना, पावसात वा बुटांना चिकटून बाहेर जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर आणलेल्या निर्बंधानुसार अशा दाण्यांची विक्री २०३१ पासून बंद होणार आहे, त्यामुळे वाळू, लाकूड, बुचाच्या सालीसारखे पर्याय निवडणे आणि मैदाने नव्याने बांधणे हे काम नगरपालिका व क्लब यांच्यापुढे उभे आहे. ज्या गावाची करवसुली गिरणीबरोबर आटली, तेथे हा खर्च सर्वांत जड जाईल. फिनलंडच्या नियामकांसमोरचा पेच त्यातून स्पष्ट होतो: परवान्याच्या अटी सैल ठेवल्या तर क्लब कर्जात बुडतात किंवा संशयास्पद पैशाच्या आहारी जातात, आणि फार कडक केल्या तर वर चढण्याची वाट केवळ मोठ्या शहरांपुरती उरते. आजवर या पेचातून मार्ग निघत आला आहे तो खालच्या श्रेणीमुळे, कारण पैसा संपलेल्या क्लबला तेथे कमी खर्चात, सभासदांच्या श्रमावर पुन्हा सुरुवात करता येते. तेव्हा फिनलंडच्या फुटबॉलचे आरोग्य तपासताना सर्वोच्च श्रेणीत कोण जिंकले याच्या जोडीने, पुढच्या एप्रिलमध्ये काक्कोनेन आणि कोल्मोनेनच्या गटांत किती गावांनी संघ उतरवला, हेही मोजले पाहिजे.